मेळ्याचा गल्ला म्हणजे नफा नव्हे
दिवाळीच्या हस्तकला प्रदर्शनात माल नेणाऱ्या कारागीर बांधवांसाठी

दिवाळी हा आपल्या हिंदू बांधवांचा सण असला तरी त्या सणाच्या बाजारात आपल्या समाजाच्या हुनराचा वाटा मोठा आहे. फिरोजाबादच्या बांगड्या, मुरादाबादची पितळी भांडी, सहारनपूरचे लाकडी कोरीव काम, लखनौची चिकनकारी, बनारसचे शालू, कच्छमधील खत्री घराण्यांचे अजरख, आपल्याकडे औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल, हा सगळा माल घडवणाऱ्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. सणाच्या आधी दोन-तीन आठवडे मोठमोठ्या शहरांत हस्तकलेची प्रदर्शने भरतात. पूर्वी ज्याचा माल दलालाच्या हातूनच जात असे, तो कारागीर आता स्वतः स्टॉलवर उभा राहून गिऱ्हाइकाशी बोलू लागला आहे. ही चांगली गोष्ट आहे.

परंतु आम्ही कापडाच्या व्यापारात इतकी वर्षे काढली, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. मेळ्यातून परतलेला कारागीर नोटांचे पुडके घरात ठेवतो, घरचे खूश होतात, आणि दोन महिन्यांनी सुताच्या व्यापाऱ्याकडे उधारी मागायला तोच पुन्हा उभा असतो. पैसा गेला कुठे? तो चोरीला गेलेला नसतो. तो मुळात मिळालेलाच नसतो. गल्ला आणि नफा यांतील फरक ज्याने मांडला नाही, त्याच्या घरात बरकत येत नाही. म्हणून या लेखात मेळ्याचा धंदा हिशेबाच्या अंगाने समजावून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

हिशेब आधी, माल नंतर

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या मालाचे आकडे त्यात घालावेत.

समजा, हातमागाचा एक दुपट्टा आहे. सूत व रंग यांचे ३८० रुपये. विणकाम दीड दिवसाचे. दिवसाची मजुरी ६०० धरली तर ९०० रुपये. गोंडे, धुलाई, इस्त्री व पिशवी यांचे १२० रुपये. एकूण १,४०० रुपये. असे १५० नग घेऊन दोघेजण १० दिवसांच्या प्रदर्शनाला परगावी गेले.

आता मेळ्याचा खर्च पाहू. स्टॉलचे भाडे २०,००० रुपये. जाण्यायेण्याची तिकिटे व मालाचे भाडे ९,०००. राहणे-खाणे १२,०००. टेम्पो, हमाली, पिशव्या, दिवे वगैरे ४,०००. दोन माणसांचे १४ दिवस गेले, त्यांची मजुरी ६०० प्रमाणे १६,८००. एकूण ६१,८०० रुपये.

दहा दिवसांत १०० नग विकले गेले, म्हणजे विक्री चांगलीच झाली. मेळ्याचा खर्च नगामागे ६१८ रुपये पडला. मूळ किंमत १,४०० धरता एक नग २,०१८ रुपयांना पडला, आणि त्यात नफ्याचा एक पैसाही नाही. हाच दुपट्टा १,८०० ला विकला तर गल्ल्यात १,८०,००० रुपये दिसतील आणि प्रत्यक्षात २१,८०० रुपयांचा तोटा असेल.

कारागीर मात्र असा हिशेब करीत नाही. तो म्हणतो, "१५० नगांच्या सुताचे ५७,००० दिले, मेळ्यात रोख ४५,००० खर्च झाले, बाकीचे ७८,००० माझे." खरे पाहता त्या १५० नगांवर २२५ दिवसांचे विणकाम झाले आहे आणि मेळ्यात दोघांचे मिळून २८ दिवस गेले आहेत. ७८,००० ला २५३ दिवसांनी भागले तर दिवसाला ३०८ रुपये पडतात. म्हणजे उरलेले ५० नग विकले जाईपर्यंत उस्ताद कारागिराला मजुराच्या निम्मा रोज मिळाला. घरातल्या बायकांनी गोंडे वळले, त्याची मजुरी तर शून्यच.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही. कारागिराचा मुलगा हाच हिशेब डोक्यात करतो आणि माग सोडून कुठेतरी डिलिव्हरीच्या कामाला लागतो. चुकीचे त्याचे नाही. ज्या हुनरात बापाची मजुरी धरली जात नाही, त्यात तो का राहावा? म्हणून किंमत ठरवताना पहिली मजुरी स्वतःची धरावी, दुसरी घरातील बायकांची, आणि मग सुताची.

घासाघीस किती परवडते?

वरच्या उदाहरणात भाव २,३०० ठेवला तर १०० नगांचे २,३०,००० येतात आणि खर्च वजा जाता २८,२०० रुपये नफा उरतो. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला "चला, तुमच्यासाठी" म्हणत २०० रुपये सोडले, तर नफा ८,२०० वर येतो. गिऱ्हाइकाला मिळालेली सूट शंभरात नऊ रुपयांचीही नाही, पण आपल्या नफ्यातले शंभरापैकी सत्तर रुपये गेले. "भैया, लास्ट प्राइस बोलो" या चार शब्दांची किंमत एवढी असते.

यावर उपाय एकच. प्रत्येक नगावर भावाची चिठ्ठी लावावी आणि तो भाव सकाळी, संध्याकाळी व शेवटच्या दिवशीही तोच राहावा. जुने गिऱ्हाईक मुद्दाम शेवटच्या दिवसाची वाट पाहते. कारागीर माल परत नेणार नाही, पडेल भावात देईल, हे त्याला ठाऊक असते. एकदा ही सवय लागली की पुढच्या वर्षी पहिले नऊ दिवस कुणी खरेदी करीत नाही. सूट द्यायचीच असेल तर दोन नगांवर द्यावी किंवा सोबत लहानशी वस्तू द्यावी. एका नगाचा भाव मोडू नये.

दुसरी गोष्ट आम्ही व्यापारी म्हणून सांगतो. ज्या दुकानदाराला तुम्ही वर्षभर ठोक भावात माल देता, त्याच्या दुकानातील भावाखाली मेळ्यात विकू नका. तो दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार व उधारी सांभाळून तुमचा माल विकतो. त्याचेच गिऱ्हाईक मेळ्यात तुमच्याकडून निम्म्या भावात घेऊन गेले, तर तो पुढची ऑर्डर देणार नाही. मेळा दहा दिवसांचा, दुकान बारा महिन्यांचे.

कोणता माल न्यावा

सणाचे गिऱ्हाईक तीन प्रकारचे असते. पहिले, भेट देण्यासाठी लहान वस्तू शोधणारे. भाऊबीज, शेजारी, ऑफिसातील सहकारी यांच्यासाठी त्याला दोनशे ते पाचशे रुपयांत काहीतरी हवे असते, तेही एकदम पाच-सहा नग. दुसरे, स्वतःसाठी वा घरासाठी घेणारे. तिसरे, खरा शौकीन. तो वर्षातून एकच वस्तू घेतो, पण उत्तम घेतो.

स्टॉलवर तिघांसाठीही माल असावा. विणकराने कापडाच्या तुकड्यांतून बटवे, उशांचे अभ्रे, टेबलावरची आसने करून घ्यावीत. लहान मालावर रोजचा खर्च निघतो. मधला माल सर्वांत जास्त असावा, कारण नफा तिथे आहे. आणि दोन-चार नग असे असावेत की ज्यांत घराण्याचे सगळे कसब उतरले आहे. ते विकले गेले नाहीत तरी चालेल. त्यांच्याकडे पाहून गिऱ्हाईक थांबते आणि मधला माल घेऊन जाते.

दिव्यांकडेही लक्ष द्यावे. पिवळ्या दिव्याखाली निळा-हिरवा रंग वेगळाच दिसतो, घरी नेल्यावर गिऱ्हाईक नाराज होते. पांढऱ्या उजेडाचे दोन चांगले दिवे सोबत न्यावेत. माल जमिनीवर रचून न ठेवता डोळ्यांच्या उंचीवर टांगावा. जागा असेल तर लहान माग, ठसे, कशिद्याची चौकट, जे काही शक्य असेल ते स्टॉलवर मांडून एकाने काम करीत बसावे व दुसऱ्याने विक्री सांभाळावी. हात चालताना दिसला की भाव समजावून सांगावा लागत नाही.

हाताचा माल आणि यंत्राचा माल

आता जरा कडू विषयाकडे येतो. हस्तकलेच्या प्रदर्शनात कारागिराच्या शेजारच्याच स्टॉलवर यंत्राचा माल "हॅन्डमेड" म्हणून निम्म्या भावात विकला जातो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खरी आहे. दुःखाची गोष्ट अशी की कधी कधी कारागीर स्वतःच, माल कमी पडला म्हणून, दहा-वीस नग बाजारातून उचलून आपल्या मालात मिसळतो.

यंत्रमागाच्या मालात वाईट काही नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीची घरे त्यावर चालतात आणि आम्हीही तो माल विकतो. वाईट आहे ते खोटे नाव. यंत्राचा माल यंत्राचा म्हणून विकणे ही तिजारत आहे. हाताचा म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि तिची किंमत शेवटी कारागीरच मोजतो. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढे खऱ्या मालालाही यंत्राचाच भाव लावते.

यावर कायदाही आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही वाणांचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवले आहे. पूर्वी असे २२ प्रकार होते, आता ११ आहेत. पण प्रदर्शनात प्रत्येक स्टॉलवर कायद्याचा माणूस येत नाही. म्हणून गिऱ्हाइकालाच शिकवावे. पैठणी उलटी करून दाखवावी. अस्सल पैठणीचे नक्षीकाम दोन्ही बाजूंनी सारखेच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. ठशांच्या छपाईत दोन ठसे जुळतात तिथे किंचित फरक राहतो, तो दाखवावा. तो दोष नव्हे, हाताची सही आहे. कशिद्याची मागची बाजू दाखवावी. ज्यांच्याकडे हातमागाचे, रेशमाचे वा भौगोलिक मानांकनाचे अधिकृत चिन्ह आहे, त्यांनी ते लावावे. पैठणीला २०१० साली असे मानांकन मिळाले, सोलापुरी चादरीला त्याच्याही आधी.

आणि गिऱ्हाइकाने विचारले, "यात रेशीम किती?", तर जे आहे तेच सांगावे. हिमरूत सुती ताण्यावर रेशमाचा बाणा असतो. ते सांगितल्याने शालीची किंमत कमी होत नाही. उलट सांगणाऱ्यावर भरवसा बसतो आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी स्टॉल शोधत येते.

जागा, कागद आणि कर

प्रदर्शने अनेक प्रकारची असतात. दिल्लीतील आयएनए येथील दिल्ली हाट १९९४ मध्ये सुरू झाले; तिथे कारागिरांना साधारण १५ दिवसांसाठी स्टॉल मिळतो व मग दुसऱ्याची पाळी येते. हरियाणात फरिदाबादजवळ सूरजकुंडचा मेळा १९८७ पासून भरतो. तो दिवाळीनंतर, फेब्रुवारीत असतो. २०१९ मध्ये तिथे आपल्या महाराष्ट्राला विशेष राज्याचा मान मिळाला होता. महिला बचत गटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते. याशिवाय खासगी प्रदर्शने असतात. त्यांचे भाडे जास्त असते.

सरकारी मेळ्यांत स्टॉल बहुधा मोफत वा नाममात्र भाड्यात मिळतो, काही ठिकाणी प्रवासभत्ताही असतो. त्यासाठी केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांचे 'पहचान' ओळखपत्र हवे. ज्या घरात चार माणसे काम करतात, त्या चौघांचे, विशेषतः बायकांचे, कार्ड काढून घ्यावे. आपल्याकडे कार्ड फक्त घरच्या कर्त्या पुरुषाचे असते आणि हुनर मात्र बायकोच्या बोटांत असते. खासगी प्रदर्शनाचे पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: मागच्या वर्षी स्टॉल घेतलेल्या दोघा-तिघांचा अनुभव काय, आणि प्रदर्शन रद्द झाले तर पैसे परत मिळणार का? उत्तर लेखी घ्यावे.

कराबाबत बरेच गैरसमज आहेत. जीएसटी कायद्यात हस्तकलेच्या वस्तूंची एक यादी ठरवली आहे. त्या यादीतील, मुख्यत्वे हाताने बनवलेला माल परराज्यात नेऊन विकणाऱ्याची देशभरातील एकूण वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला नोंदणीतून सूट आहे. सध्याची सूट २०१८ च्या अधिसूचनेने दिलेली आहे. मात्र दोन अटी आहेत. पॅन कार्ड हवे आणि ई-वे बिल हवे. इतर मालाला ५०,००० रुपयांच्या वर ई-वे बिल लागते. पण या सवलतीतील हस्तकलेचा माल परराज्यात नेताना किंमत कितीही कमी असली तरी ते लागते. यादीत न बसणारा माल परराज्यात विकायचा असेल, तर तात्पुरती नोंदणी निदान पाच दिवस आधी करावी लागते व अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. ती नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. कराचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी आपला माल यादीत आहे की नाही आणि दर किती, हे जाणकाराला विचारून घ्यावे. नाक्यावर अडकलेली गासडी मेळा संपल्यावर सुटली तर काय उपयोग?

विम्याचेही तसेच. ३० एप्रिल २०२५ रोजी दिल्ली हाटमध्ये आग लागून अनेक स्टॉल मालासकट जळाले. घरच्या वा दुकानाच्या विम्यात सहसा त्याच जागेवरचा माल धरलेला असतो. मेळ्यातील मालाचा व वाटेतील मालाचा विमा वेगळा विचारावा. वर्षभराची पुंजी कापडी मंडपाखाली ठेवताना ही काळजी घ्यायलाच हवी.

एकट्याने की मिळून?

वरच्या उदाहरणात नगामागे ६१८ रुपयांचा खर्च पडला, कारण एका घराने सगळा बोजा उचलला. तीन घरांनी मिळून एकच स्टॉल घेतला, एक माणूस वाढवला, खर्च ८१,००० झाला आणि ३०० नग विकले गेले, तर नगामागे २७० रुपये पडतात. म्हणजे ३४८ रुपये वाचले. एकाने दुपट्टे, दुसऱ्याने शाली, तिसऱ्याने बटवे ठेवले तर आपापसात स्पर्धाही होत नाही. जुम्याच्या नमाजाला वा जेवायला जाताना स्टॉल उघडा पडत नाही, हा आणखी एक फायदा.

परंतु शिरकत करायची तर अटी आधी कागदावर याव्यात. प्रत्येक नगाला नंबर, कोणाचा नग ते वहीत, खर्च कसा वाटायचा ते ठरलेले, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी हिशेब. चुलत भाऊ असो वा साडू, वही सर्वांसाठी सारखी. नाती हिशेबाने तुटत नाहीत, हिशेब न ठेवल्याने तुटतात.

मोबाइलवरून पैसे घेताना पैसे आल्याची खूण आपल्या फोनवर दिसल्याखेरीज माल हातातून सोडू नये. गर्दीत नेटवर्क जाते. म्हणून सुटे पैसेही जवळ ठेवावेत. पैसे एकाच खात्यात येत असतील तर त्याचाही रोजचा हिशेब तिघांनी पाहावा.

मेळा संपल्यावर

खरा धंदा इथून सुरू होतो. स्टॉलवर एक वही ठेवावी आणि माल घेणाऱ्याचा, नुसता पाहून गेलेल्याचाही, त्याची हरकत नसेल तर, फोन नंबर व आवड लिहून घ्यावी. दिवाळीच्या भेटीसाठी मोठ्या कंपन्या आपली खरेदी सणाच्या दोन-तीन महिने आधीच ठरवतात. मेळ्यात त्यांचा माणूस येतो तो पुढच्या वर्षासाठी. त्याचे कार्ड जपून ठेवावे आणि पावसाळ्यातच त्याला नमुने पाठवावेत. जेवढे वेळेत होईल तेवढ्याचाच शब्द द्यावा. दोनशे नगांची ऑर्डर घेऊन दीडशे देणाऱ्यापेक्षा शंभर घेऊन शंभर देणारा बाजारात टिकतो.

पैशाच्या नियोजनाबाबतही थोडे लिहितो. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २००४, २००५ व २००६ साली ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या होत्या. तेव्हा दोन्ही सणांचा माल एकदम विकला गेला आणि मग बाजार ओस पडला. २०२५ मध्ये ईद मार्चअखेरीस आली, म्हणजे दोन सणांत जवळजवळ सात महिन्यांचे अंतर पडले. याचा फायदा असा की ईदच्या विक्रीतून दिवाळीच्या मालाचे सूत रोखीने घेता येते, व्याजाने वा उधारीने घ्यावे लागत नाही. त्यासाठी ईदचा पैसा ईदलाच संपता कामा नये.

शेवटी एवढेच की प्रदर्शनाला जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी, मुलांसकट, एकत्र बसून वर दिलेला हिशेब आपल्या मालाचे आकडे घालून मांडावा. भाव निघत नसेल तर मेळ्याला जाऊ नये, किंवा भागीदार शोधावा, किंवा दुसरा माल बनवावा. भाव निघत असेल तर तो चिठ्ठीवर लिहावा आणि ताठ मानेने सांगावा. आपल्या हाताची मजुरी आपण धरली नाही, तर गिऱ्हाईक ती धरणार नाही.